‘कॉन्ट्रा’ परतला, पण एका गोळीत मरण्याची भीती गेली?

कोनामीचा ‘कॉन्ट्रा’ १९८७मध्ये आर्केडमध्ये आला. आपल्याकडे तो टीव्हीला जोडायच्या स्वस्त गेमच्या पिवळ्या कॅसेटमधून घरोघरी पोहोचला. २०२४च्या ‘ऑपरेशन गालुगा’त वेफॉरवर्ड स्टुडिओने त्याची नव्याने बांधणी केली. डबल जंप आली, डॅश आला, आर्केड मोडमध्ये चौघे खेळू शकतात.

खरा बदल हेल्थ बारचा. पूर्वी एक गोळी लागली, की एक लाइफ खलास! (३० लाइफचा कोड उगाच पाठ नव्हता.) धबधब्याच्या लेव्हलला एकजण घाईने वर चढला, की मागे राहिलेला स्क्रीनखाली जाऊन मरायचा. भांडणं व्हायची, पण भिडूसाठी थांबावंही लागायचं. हेल्थ बारमुळे ती धाकधूक ओसरते. एका गोळीत मरण्याचा पर्याय मात्र सेटिंगमध्ये आहे. जुन्या भिडूसोबत बसणार असाल, तर आधी तोच सुरू करा.