सालीचा पत्ता

जैविक विविधता कायद्यातील २०२३ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२४ पासून लागू झाली, तुरुंगवासाची शिक्षा जाऊन तिच्या जागी १ लाखापासून ५० लाखांपर्यंतचा दंड आला, आणि जैविक संपदेवर आधारलेले पेटंट मिळण्यापूर्वी देशी संशोधकानेही राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाकडे नोंदणी करावी असा दंडक झाला. वनौषधींवर काम करणाऱ्या प्रयोगशाळांची या कागदपत्रांविषयीची तक्रार पुष्कळशी रास्त आहे. परंतु एक कागद असा आहे की जो कोणत्याही कार्यालयाने मागण्यापूर्वी शास्त्रानेच मागितलेला आहे, आणि तो म्हणजे नमुना कोणत्या गावच्या कोणत्या झाडाचा याची नोंद. ती टाळून ‘पश्चिम घाटातून गोळा केला’ एवढ्यावर भागवणारे शोधनिबंध अजूनही लिहिले जातात.

या हयगयीत काय गमावले जाते, हे रोहितुकीन या सालीतल्या द्रव्यावरून आणि त्यातून निघालेल्या कर्करोगाच्या औषधावरून स्पष्ट होईल. पेशीच्या नियोजित मृत्यूत, म्हणजे अपोप्टोसिसमध्ये, बॅक्स आणि बॅक ही प्रथिने मायटोकॉन्ड्रियाच्या बाह्य आवरणाला छिद्रे पाडतात, त्यांतून सायटोक्रोम-सी बाहेर पडते आणि कॅस्पेज ही विकरे पेशीला आतून मोडून काढतात. बीसीएल-२ आणि त्याच्याच कुळातले एमसीएल-१ ही जीवरक्षक प्रथिने बॅक्स-बॅकना आणि त्यांना चेतवणाऱ्या बिम या प्रथिनाला धरून ठेवून हे मरण लांबवतात. रक्ताच्या कर्करोगातील पेशी हा पहारा निरनिराळ्या मार्गांनी वाढवतात. फॉलिक्युलर लिंफोमात १४ व्या आणि १८ व्या गुणसूत्रांच्या तुकड्यांची अदलाबदल होऊन बीसीएल-२ चे जनुक प्रतिपिंडाच्या जनुकाशेजारी जाऊन बसते व अखंड चालू राहते, तर क्रॉनिक लिंफोसायटिक ल्युकेमियात पुष्कळदा १३ व्या गुणसूत्राचा तुकडा गळून त्यावरील दोन मायक्रो-आरएनएंचा लगाम नाहीसा होतो. एमसीएल-१ ची रीत वेगळी आहे: हे प्रथिन आणि त्याचा संदेशवाहक आरएनए दोन्ही अल्पायुषी असल्याने पेशीला ते सतत नव्याने घडवावे लागते, आणि त्यासाठी सीडीके-९ हे विकर आरएनए पॉलिमरेजचे काम पुढे चालू ठेवत असावे लागते. सीडीके-९ रोखले की काही तासांत एमसीएल-१ ओसरते आणि त्याच्याच आधारावर तगलेली पेशी मरते. बीसीएल-२ ला रोखणाऱ्या व्हेनेटोक्लॅक्सला अमेरिकेत एप्रिल २०१६ मध्ये मान्यता मिळाली. त्याला दाद न देणाऱ्या पेशी अनेकदा एमसीएल-१ च्या आश्रयाने जगतात, आणि एमसीएल-१ ला थेट रोखावे तर हृदयाच्या स्नायूलाही त्याची गरज असते, म्हणून सीडीके-९ च्या आडमार्गाला महत्त्व आले.

त्या मार्गावरचे आरंभीचे औषध फ्लेव्होपिरिडॉल. ते रोहितुकीनच्या रेणूवरून मुंबईत, हेक्स्टच्या संशोधन केंद्रात घडले, आणि रोहितुकीन मिळाले डायसोक्सिलम बायनेक्टारिफेरम या कडुनिंबाच्या कुळातील वृक्षाच्या सालीतून. माणसांवर चाचणी झालेला तो पहिला सीडीके-रोधक होय. ३० मिनिटांची मात्रा आणि पुढे ४ तास संथ शिरोदान या पद्धतीने ल्युकेमियाच्या पेशी इतक्या झपाट्याने फुटल्या की काही रुग्णांना डायलिसिस लागले. ते बाजारात आले नाही, तरी त्याच मार्गावरचे, पिरामलच्या संशोधनातून निघालेले व्होरुसिक्लिब व्हेनेटोक्लॅक्सच्या जोडीने चाचण्यांपर्यंत पोचले. याच दाखल्यावरून सालीचा काढा ल्युकेमियावर देणाऱ्यांनी डायलिसिसचा तो दाखलाही वाचावा.

हा वृक्ष पश्चिम घाटातील सदाहरित अरण्याचा आहे, आणि जोयडा तालुक्यात अणशी व कॅसलरॉक परिसरात तसे अरण्य अजून शिल्लक असून त्याचा मोठा भाग काळी व्याघ्र प्रकल्पात मोडतो. ‘पश्चिम घाट’ हा सुमारे १,६०० किलोमीटर लांबीचा पत्ता झाला. रोहितुकीनचे प्रमाण मात्र झाडागणिक आणि झाडाच्या अवयवागणिक बदलते. शिवाय या झाडात राहणारी फ्युजेरियम प्रोलिफेरॅटम ही बुरशीही रोहितुकीन बनवते असे २०१२ मध्ये प्रसिद्ध झाले आहे, तेव्हा द्रव्य झाडाचे किती आणि बुरशीचे किती हे ठरवायचे तर पुन्हा त्याच झाडापाशी जाता आले पाहिजे. नावांचाही घोळ आहे: हा वृक्ष आता डायसोक्सिलम गोटाधोरा या नावाने नोंदला जातो, आणि ज्या तालुक्याला आज जोयडा म्हणतात तो जुन्या कागदांत सुपा म्हणून सापडतो, कारण सुपा गाव काळी नदीवरील धरणात गेले.

सरकारी बाजूचा दोष याहून मोठा आहे. स्थानिक जैवविविधता व्यवस्थापन समितीने लोकजैवविविधता नोंदवही तयार करावी, हे काम वर्षानुवर्षे रेंगाळले, आणि राष्ट्रीय हरित लवादाने ३१ जानेवारी २०२० ची मुदत घालून पुढे ती चुकवणाऱ्या प्रत्येक राज्याला दरमहा १० लाख रुपये भरायला लावण्याचे ठरवल्यावर धावपळ सुरू झाली. सगळ्या ऋतूंत रानात फिरून, कंदांच्या जाती नावानिशी ओळखणाऱ्या कुणबी वडीलधाऱ्यांना विचारून जी वही भरायची, ती दंडाच्या धाकाने भरता येत नाही. अशा वहीत झाड नसेल आणि निबंधात गाव नसेल, तर औषधातून उद्या पैसा आला तरी लाभाचा वाटा कोणत्या गावाचा, हे कोणालाच सांगता येणार नाही.

म्हणून सभासदांना विनंती आहे की त्यांनी जोयडा, यल्लापूर, सिद्दापूर येथील समित्यांकडे स्वतः जावे, नोंदवही उघडून पाहावी आणि ही जात तिच्यात नसेल तर ती लिहून घ्यावी; साल सोलण्याऐवजी पाने घ्यावीत, कारण रोहितुकीन पानांतूनही मिळते. झाडाचे नेमके अक्षांश-रेखांश छापू नयेत, कारण ते साल चोरणाऱ्यांच्याही हाती पडतात. ते वनस्पतिसंग्रहात नमुन्यासोबत ठेवावेत. गावाचे नाव, वनखात्याच्या परवानगीचा उल्लेख आणि संग्रहातील नमुना क्रमांक नसलेला लेख पुढील अंकापासून या मासिकात स्वीकारला जाणार नाही.