डिस्कचा नकार आणि माणसाची घाई

बंगळूरच्या दक्षिणेस होसूर रस्त्यालगत बोम्मसंद्रा ही औद्योगिक वसाहत आहे. अशा वसाहतींतील कारखान्यांची मालनोंद, पगारपत्रके व हिशेब आता सर्व्हर नावाच्या संगणकांवर ठेवले जातात. सर्व्हरच्या डिस्कचे विभाग पाडलेले असतात. एखादा विभाग निम्मा रिकामा असूनही तो लहान करू गेल्यास संगणक कित्येकदा नकार देतो, आणि दोष डिस्कच्या माथी मारला जातो. वस्तुतः हा नकार माहितीचे रक्षण करीत असतो. त्याचे कारण न शोधता सक्ती करणे, हाच खरा धोका होय.

कारखान्याची शेड मागील बाजूने आखूड करावयाची आहे, अशी कल्पना करावी. सुटी खोकी पुढे सरकविता येतात. परंतु मागील भिंतीपाशी एखादे यंत्र जमिनीत जखडलेले असेल, तर बाकी शेड मोकळी असूनही भिंत त्या यंत्राच्या अलीकडे आणता येत नाही. विंडोज सर्व्हरमध्ये असेच घडते. २००८ च्या आवृत्तीपासून त्यात विभाग लहान करण्याची सोय आहे. तथापि पेजफाइल किंवा विभागाच्या पूर्वस्थितीच्या छायाप्रती यांसारख्या गोष्टी त्या वेळी जागच्या हलत नाहीत. वाट अडविणाऱ्या अखेरच्या फाइलचे नाव प्रणाली आपल्या घटना-नोंदींत २५९ या क्रमांकाखाली लिहिते. ती पेजफाइल असल्यास तात्पुरती दुसऱ्या विभागावर न्यावी, सर्व्हर पुन्हा सुरू करावा व मग प्रयत्न करावा. छायाप्रती पुसल्यास मात्र मागे परतण्याची ती वाट बंद होते, हे ध्यानात ठेवावे.

लिनक्समध्ये क्रमाला विशेष महत्त्व आहे. ‘एक्स्ट-४’ पद्धतीचा विभाग आधी वापरातून बाजूला काढावा, तपासावा, आतील फाइलरचना लहान करावी आणि त्यानंतरच विभागाची सीमा आत घ्यावी. क्रम उलटला तर भिंत मालावरच कोसळते. ‘एक्सएफएस’ पद्धत वाढविता येते, परंतु व्यवहारात ती लहान करता येत नाही; माहिती नव्या, लहान विभागात हलवावी लागते.

डिस्क स्वस्त झाल्या, मग हा खटाटोप कशाला, असे कोणी म्हणेल. डिस्क पुन्हा विकत मिळते. कामगारांच्या पगाराची नोंद मिळत नाही. यास्तव प्रत्येक प्रयत्नापूर्वी राखीव प्रत घ्यावी आणि ती परत उघडते, याची खात्री करून घ्यावी. शाळांतूनही आज्ञा पाठ करवून घेण्यापेक्षा यंत्राने लिहिलेली नोंद वाचण्याची सवय लावणे अधिक हितावह ठरेल.