झहीरची कमाई आणि गावाबाहेरची वाट

नंदुरबार : तालुक्याच्या गावातील मुलाला वेगवान गोलंदाजी काय देऊ शकते, हे विचारले की श्रीरामपूरच्या झहीर खानचे नाव पुढे येते. ९२ कसोटींत ३११ बळी घेणाऱ्या झहीरला २०११ च्या आयपीएल लिलावात बंगळुरूने नऊ लाख डॉलर मोजले. फेब्रुवारी २०१४ मध्ये अखेरची कसोटी झाली. तरीही वर्षभराने दिल्लीने त्याच्यासाठी चार कोटी रुपये दिले! मात्र या आकड्यांमागची वाट ध्यानात घेतली पाहिजे. श्रीरामपूर सोडून तो मुंबईत आला, चेन्नईच्या एमआरएफ अकादमीत घडला आणि रणजीत उतरला तो बडोद्याकडून, महाराष्ट्राकडून नव्हे. नंदुरबारच्या मुलांच्या पालकांना पहिला खर्च पडतो तो याच प्रवासाचा, आणि तोही लिलावाच्या कितीतरी वर्षे आधी.