गार वाटणे आणि गार होणे

विद्यार्थी मित्रांनो, चुलीवरची कढत पेज हातावर सांडली तर तुमच्या घरी प्रथम काय करतात? जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांवर मी हा प्रश्न विचारतो, तेव्हा बहुतेक वेळा उत्तर मिळते, "टूथपेस्ट लावतो, सर. गार वाटते!"

गार वाटते हे खरे. पण गार होते का?

टूथपेस्टमध्ये बहुधा मेंथॉल, म्हणजे पुदिन्यातला थंडावा देणारा पदार्थ असतो. थंडी ओळखणारे एक प्रथिन आपल्या त्वचेतील मज्जातंतूंच्या टोकांवर असते. मेंथॉल नेमके त्यालाच चेतवते आणि मेंदूला थंडीचा खोटा निरोप जातो. डेव्हिड ज्युलियस व आर्डेम पॅटापुटियन यांनी २००२ साली हे प्रथिन स्वतंत्रपणे शोधले. तापमान व स्पर्श यांच्या संवेदनांवरील संशोधनासाठी त्यांना २०२१ चे नोबेल पारितोषिक मिळाले. त्वचेचे तापमान मात्र अशा लेपाने फारसे उतरत नाही. उलट, आतली उष्णता लेपाखाली कोंडून राहते.

मग खरोखर गार करते कोण? साधे पाणी! त्वचेचे तापमान सुमारे ३३° से. असते. माठातले स्वच्छ पाणी त्याहून थंड असते, तेवढे पुरे. भाजलेल्या जागेवर ते २० मिनिटे ओतत राहावे. एवढा वेळ कशासाठी? चटका बसून गेला तरी उष्णता आतल्या थरांत शिरतच असते. तिला बाहेर काढावे लागते. बर्फ मात्र लावू नये. त्याने रक्तवाहिन्या आकसतात आणि इजा वाढते.

तुम्ही म्हणाल, "सर, उन्हाळ्यात आमच्या विहिरी आटतात. २० मिनिटे ओतायला पाणी कुठले?" प्रश्न रास्त आहे. उत्तर विशिष्ट उष्णतेच्या धड्यात आहे. १० लिटर पाणी अवघे १° से. तापायला १०,००० कॅलरी उष्णता लागते. म्हणून हाताखाली स्वच्छ पातेले ठेवा आणि तेच पाणी तांब्याने पुन्हा पुन्हा ओता. एक बादली पुरते! नंतर जखम स्वच्छ कापडाने सैल झाकून दवाखाना गाठा. भाजलेला भाग मोठा असेल किंवा मूल तान्हे असेल, तर दवाखान्यात नेण्यास विलंब करू नका. बाळाचे बाकीचे अंग उबदार ठेवा.

शिक्षकांना एक विनंती. दोन परीक्षानळ्यांत ६०° से.चे सारखेच पाणी घ्या. एकीला बाहेरून टूथपेस्ट फासा, दुसरी माठाच्या पाण्यात बुडवा. दर मिनिटाला दोन्ही तापमाने मुलांनाच फळ्यावर लिहू द्या. माझ्या मते विशिष्ट उष्णतेचा धडा या प्रयोगाविना शिकवूच नये. परीक्षेत त्याला दोन गुण असतील. पण दवाखाना दूर असलेल्या पाड्यावर त्याने एखाद्या मुलाचा हात वाचेल.