सही करण्याआधी अट लिहा
रहिमतपुरातली तरणी माणसं पुण्या-मुंबईला, घरात म्हातारे आईवडील. त्यांना कोण सांभाळणार हे ठरण्याआधीच घर मुलाच्या नावावर होतं, हे आम्हाला खुपतं. 2007 च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम 23 नुसार सांभाळ न झाल्यास बक्षीसपत्र रद्द होऊ शकतं. पण सांभाळाच्या अटीवरच ते केलं होतं हे दिसायला हवं, असं सर्वोच्च न्यायालयाने 2022 मध्ये स्पष्ट केलं. म्हणून ती अट दस्तातच लिहून घ्या. पोटगीसाठी याच कायद्याखालच्या न्यायाधिकरणाकडे आईवडिलांना स्वतः अर्ज करता येतो. नगरपालिकेने करभरणा खिडकीपाशी ही माहिती लावावी. आणि मुलांनो, आईवडिलांना पुण्याला न्यायचं, गावी ठेवायचं की वृद्धाश्रम, हे त्यांना विचारूनच ठरवा. मदतीसाठी 14567 ही हेल्पलाइन मोफत आहे.