मनाचा प्रथमोपचार : प्रशिक्षण कोणतं निवडायचं?

गेल्या महिन्यात आमच्या गटाच्या बैठकीत एकाच मुद्द्यावर तीन तास गेले. मानसिक आरोग्याच्या प्रथमोपचाराचं प्रशिक्षण घ्यायचं, याबद्दल दुमत नव्हतं. वाद होता कोणतं घ्यायचं यावर. समोर दोन पत्रकं होती. एक शहरातल्या संस्थेचं : दोन दिवस, शेवटी परीक्षा आणि प्रमाणपत्र. दुसरं एका छोट्या गटाचं : दोन दिवसांचं पायाभूत शिबिर आणि नंतर सहा महिने, दर महिन्याला अर्धा दिवस आपल्याच केसेसवर चर्चा. प्रमाणपत्र नाही. आमच्याकडे पैसे होते एकापुरतेच.

तरुण मुलींना प्रमाणपत्र हवं होतं, आणि त्यांचं चुकत होतं असं मला वाटत नाही. पोलीस ठाण्यात, दवाखान्यात "तुम्ही कोण?" असं विचारलं की दाखवायला कागद लागतोच. ज्येष्ठ ताईंचं म्हणणं वेगळं होतं : "वीस वर्षं बायकांचं ऐकतोय. ऐकायचं कसं, हे आता आम्हाला कोण शिकवणार?" हे मात्र मला पटलं नाही. का पटलं नाही, ते सांगायचं तर आमच्याच सल्ला केंद्रातल्या दोन चुका सांगाव्या लागतील. एक आम्हा सगळ्यांची आणि एक माझी एकटीची.

पहिली गोष्ट २०१९ ची. पोटगीच्या केससाठी एक बाई दर बाजाराच्या दिवशी केंद्रात यायची. हळूहळू तिने तारखेबद्दल विचारणंच सोडलं. पेटीची किल्ली बहिणीकडे दिली, असं सहज बोलून गेली. एकदा म्हणाली, "ताई, सगळं संपवून टाकावंसं वाटतं." आम्ही काय केलं? तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हटलं, "असं बोलायचं नाही बाई, पोरांकडे बघ." चौथ्या दिवशी तिने घरातलं फवारणीचं औषध घेतलं. अकरा दिवसांनी ती दवाखान्यातून सुटली. वाचली, पण आमच्यामुळे नाही. पुढे ती शांतपणे म्हणाली, "तुम्ही सरळ विचारलं असतं, तर सांगितलं असतं."

आम्ही विचारलं नाही, कारण विचारलं तर तिच्या डोक्यात तो विचार पक्का होईल, असं आम्हाला मनापासून वाटत होतं. हा समज चुकीचा आहे. आत्महत्येचा विचार मनात येतो का, हे आपुलकीने आणि स्पष्ट शब्दांत विचारल्याने धोका वाढत नाही, उलट बोलायला वाट मिळते. मग घरातलं औषध काही दिवस शेजारणीकडे ठेवणं, त्या रात्री सोबतीला कुणीतरी असणं, अशा साध्या गोष्टी करता येतात. वीस वर्षं ऐकूनही हे आम्हाला माहीत नव्हतं. नुसती आपुलकी पुरत नाही, हे आम्ही तिच्या जिवावर शिकलो.

दुसरी चूक माझी. समाजकार्याची पदव्युत्तर पदवी होती, वर एक छोटं प्रशिक्षण घेतलं होतं, त्यात लक्षणांची यादी मिळाली होती. नवऱ्याच्या मारहाणीची तक्रार घेऊन आलेली एक बाई. झोप नाही, जेवण नाही, सारखं रडू, विसराळूपणा. मी यादी काढली, एकेका लक्षणापुढे खूण केली आणि तिला सांगितलं, "तुम्हाला डिप्रेशन आहे." तसंच पत्रात लिहून तिला रुग्णालयात पाठवलं. तिथे गोळ्या मिळाल्या, मारहाणीबद्दल कुणी विचारलं नाही. माझं पत्र आणि केस पेपर नवऱ्याच्या हाती लागले. घटस्फोटाच्या आणि मुलाच्या ताब्याच्या दाव्यात त्याच्या वकिलाने ते जोडले. हिंदू विवाह कायद्याच्या कलम १३ मध्ये मानसिक आजार हे घटस्फोटाचं एक कारण आहे. नुसत्या उदासीनतेवर ते सिद्ध होत नाही, पण ते सिद्ध होत नाही हे सांगण्यात तिची दोन वर्षं गेली. ती मला म्हणाली, "तो मारत होता त्याचा पुरावा नव्हता. माझ्या रडण्याचा पुरावा मात्र तुम्ही दिलात."

मैत्रिणींनो, या दोन गोष्टी शेजारी ठेवून बघा. पहिली सांगते की शिकलं पाहिजे. दुसरी सांगते की काहीही शिकून चालणार नाही. बाईचं दुःख ओळखायला शिकवणारं प्रशिक्षण त्या दुःखाचं कारण ओळखायला शिकवत नसेल, तर ते तिच्यावरच उलटू शकतं.

आता बाजारात काय आहे ते पाहू. 'मेंटल हेल्थ फर्स्ट एड' या नावाचा अभ्यासक्रम २००० साली ऑस्ट्रेलियात बेट्टी किचनर आणि अँथनी जॉर्म यांनी सुरू केला आणि तो अनेक देशांत पसरला. त्याची रचना आजारांनुसार असते : नैराश्य, चिंता, भ्रम-भास, व्यसन. लक्षणं ओळखा, दोष न देता ऐका, आत्महत्येबद्दल विचारा, तज्ज्ञाकडे जायला प्रवृत्त करा, अशी त्याची शिकवण. यातलं पुष्कळ मोलाचं आहे. आमच्या पहिल्या चुकीवरचं उत्तर त्यात आहे. प्रशिक्षण घेणाऱ्यांची माहिती आणि आत्मविश्वास वाढतो, हे अभ्यासांतून दिसलं आहे. ज्याला मदत केली त्याला नेमका किती फायदा होतो, याचे पुरावे मात्र तितके भक्कम नाहीत. शिवाय या रचनेत दोन गोष्टी गृहीत धरलेल्या असतात : हाकेच्या अंतरावर तज्ज्ञ आहे, आणि घरचे लोक आधार देणारे आहेत. आमच्या तालुक्यात मानसोपचारतज्ज्ञ नाही. आणि आमच्याकडे येणाऱ्या बाईचं घर हाच तर तिचा प्रश्न असतो.

दुसरा प्रकार म्हणजे आपत्तीनंतरचा मानसिक प्रथमोपचार. जागतिक आरोग्य संघटनेने दोन संस्थांबरोबर २०११ मध्ये क्षेत्रीय कार्यकर्त्यांसाठी त्याची पुस्तिका काढली. तिचं सूत्र तीन शब्दांचं : पाहा, ऐका, जोडून द्या. यात निदान करायचं नसतं. आधी सुरक्षितता, अन्न, निवारा. जे घडलं ते सगळं आत्ताच सांग, असा आग्रह धरायचा नाही. पुस्तिका भूकंप, पूर, युद्ध यांचा विचार करून लिहिली असली, तरी रात्री अकरा वाजता लेकराला कडेवर घेऊन घराबाहेर काढलेल्या बाईसाठी ती रात्र म्हणजे आपत्तीच असते. मर्यादा एवढीच, की महिनोन्‌महिने चाललेल्या आजाराला हे पुरत नाही.

तिसरा मार्ग लांबचा. गोव्यात 'संगत' या संस्थेने तज्ज्ञ नसलेल्या स्थानिक माणसांना समुपदेशनाचं शिक्षण देऊन प्राथमिक आरोग्य केंद्रांत बसवलं. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या त्या प्रयोगात सरकारी केंद्रांतल्या रुग्णांना स्पष्ट फायदा झालेला दिसला. मुंबईत वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात २००० च्या सुमारास महापालिका आणि 'सेहत' यांनी 'दिलासा' केंद्र सुरू केलं. तिथे हिंसेबद्दल विचारणं हे रुग्णालयाचंच काम मानलं गेलं. या दोन्ही कामांत एक गोष्ट समान आहे : शिकवून सोडून दिलेलं नाही, मागे कुणीतरी सतत उभं आहे.

म्हणून माझं मत असं, की पत्रकावरचं नाव आणि प्रमाणपत्र बाजूला ठेवून प्रशिक्षण देणाऱ्यांना पाच प्रश्न विचारावेत.

एक : हिंसेसाठी किती वेळ ठेवला आहे? दोन दिवसांत 'कौटुंबिक ताण' या नावाखाली अर्धा तास असेल, तर तो अभ्यासक्रम आपल्यासाठी नाही. बाईला एकटीला गाठून विचारायचं, नवरा किंवा सासू शेजारी असताना नाही, ही साधी गोष्ट त्यात शिकवली जाते का?

दोन : आत्महत्येबद्दल विचारण्याचा सराव मराठीत, आपल्या बोलीत करून घेतात का? पडद्यावर वाचून दाखवलेलं वाक्य ऐन वेळी तोंडातून निघत नाही. ते दहा वेळा बोलून पाहावं लागतं.

तीन : पुढे कुठे पाठवायचं? 'तज्ज्ञाकडे पाठवा' हे उत्तर नव्हे. जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराची ओपीडी कोणत्या वारी असते, एसटीचं भाडं किती, संरक्षण अधिकारी कुठे बसतात, अशी आपल्या तालुक्याची यादी शिबिरातच तयार व्हायला हवी. १४४१६ हा टेलि-मानसचा मोफत क्रमांक २०२२ पासून सुरू आहे, पण नवरा फोन तपासत असेल तर तो कुठून लावायचा, यावरही बोललं पाहिजे.

चार : कायदा शिकवतात का? मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ च्या कलम ११५ नुसार आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असं, उलट सिद्ध होईपर्यंत, मानायचं असतं आणि तिच्यावर खटला चालवायचा नसतो. हा कायदा मे २०१८ पासून लागू आहे. तरीही आमच्या पहिल्या बाईच्या घरच्यांनी पोलिसांच्या धाकाने दवाखान्यात खोटं सांगितलं होतं. त्याच कायद्याच्या कलम १४ प्रमाणे सज्ञान व्यक्तीला साध्या कागदावर सही किंवा अंगठा करून आपला प्रतिनिधी नेमता येतो. तो नवराच असला पाहिजे असं नाही. बहीण चालते, मैत्रीण चालते. शिवाय आपण स्वतः काय लिहायचं आणि काय लिहायचं नाही, हेही शिकवायला हवं. "झोप येत नाही, मारहाण झाल्याचं सांगते" हे आपण लिहू शकतो. "नैराश्य आहे" हे लिहिण्याचा अधिकार आपला नाही.

पाच : शिबिर संपल्यावर काय? आणि आपलं काय? दिवसभर ऐकून घरी गेलेल्या कार्यकर्तीला रात्री झोप लागत नाही. आपण त्याला चळवळीचा भाग समजून गप्प बसतो. महिन्यातून एकदा ते बोलायची जागा नसेल, तर दोन वर्षांत ती कार्यकर्ती आपल्यात राहत नाही.

काही मैत्रिणी म्हणतील, हे सगळं डॉक्टरी आहे. बाईचं मन आजारी नाही, समाज आजारी आहे. ही भूमिका आपण फार कष्टाने मांडली, आणि तिची गरज आजही आहे. पण राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या २०२१ च्या आकडेवारीत आत्महत्या करणाऱ्यांत २३ हजारांहून अधिक गृहिणी होत्या, आणि एकूण आत्महत्यांत महाराष्ट्राचा क्रमांक पहिला होता. समाज बदलेपर्यंत त्यांना थांबा म्हणता येत नाही. आणि कानात आवाज ऐकू येणाऱ्या किंवा बाळंतपणानंतर बाळाकडे बघवत नसलेल्या बाईला औषधाची गरज असताना 'हे पितृसत्तेचं दुखणं' म्हणून घरी पाठवणं, हाही अन्यायच. औषध आणि न्याय यांतलं एकच निवड, असं बाईला सांगायचा हक्क आपल्याला नाही.

शेवटी आम्ही दुसरं प्रशिक्षण निवडलं. पहिल्या संस्थेला हेच पाच प्रश्न फोनवर विचारले होते. हिंसेबद्दलच्या प्रश्नावर उत्तर आलं, "तो आमच्या विषयात बसत नाही." मुलींच्या कागदाची अडचण खरी होती, म्हणून गटाने सगळ्यांना स्वतःची ओळखपत्रं करून द्यायचं ठरवलं. ताईंनी अट घातली, की पहिल्या महिन्याच्या चर्चेत या दोन केसेस घ्यायच्या, आणि त्याआधी त्या दोघींची परवानगी मागायची. एकीने दिली. दुसरीने नाही म्हटलं, आणि ती केस चर्चेत येणार नाही. हा लेख मात्र तिने वाचला आहे आणि नाव, गाव नसेल तर छापा, असं सांगितलं आहे.

आमचे पाच प्रश्न पुरेसे आहेत असा दावा नाही. तुमच्या गटाने असं प्रशिक्षण घेतलं असेल, तर काय उपयोगी पडलं, काय अंगाशी आलं, ते लिहून पाठवा. आपल्या चुका आपण एकमेकींना सांगितल्या नाहीत, तर त्यांची किंमत पुन्हा केंद्राच्या दारात आलेली एखादी बाईच देईल.