न आलेली पाळी, न सांगितलेली गोष्ट

‘न्हाण आलं’, ‘पदर आला’, ‘पोर शहाणी झाली’. पाळी आली हे सांगायला आपल्या भाषेत किती शब्द! ती आलीच नाही, तर मात्र शब्द नाही, कुजबुज आहे.

तासगाव भागात द्राक्षबागांची कर्जप्रकरणे करण्यात माझी बँकेतली बरीच वर्षे गेली. घड कमी दिसले की बागायतदार पान-देठ परीक्षणाला धावतो. सोळा वर्षांच्या लेकीला पाळी नसेल, तर तेच घर ‘लग्न झालं की होईल सुरळीत’ म्हणून मोकळे होते.

सुमारे पाच हजार मुलींमागे एक मुलगी गर्भाशय व योनिमार्गाच्या पूर्ण वाढीशिवाय जन्मते. डॉक्टर या अवस्थेला ‘एमआरकेएच’ म्हणतात. बीजकोश सहसा शाबूत असतात. त्यामुळे अंग भरते, वाढ नीट होते आणि शंका येत नाही. पंधराव्या वर्षापर्यंत पाळी आली नाही, तर स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवावे. दरमहा पोट दुखते पण रक्तस्राव नाही, अशी तक्रार असेल तर थांबूच नये. सोनोग्राफीत मूत्रपिंडेही पाहून घ्यावीत. अनेकींना एकच असते.

योनिमार्गासाठी पहिला उपाय शस्त्रक्रिया नव्हे. डॉक्टरांनी शिकवलेल्या साधनाने तो हळूहळू वाढवता येतो आणि बहुतेकींना त्याने गुण येतो. पण केव्हा, हे त्या मुलीने ठरवायचे. लग्नाच्या मुहूर्ताने नव्हे.

आणि मूल? गर्भाशयाविना जन्मलेल्या स्त्रीने प्रत्यारोपणानंतर बाळाला जन्म दिला, तो २०१४ साली स्वीडनमध्ये. मे २०१७ मध्ये पुण्यात डॉ. शैलेश पुणतांबेकर यांच्या पथकाने सोलापूरच्या अशाच एका तरुणीला तिच्या आईचे गर्भाशय बसवले. ही शस्त्रक्रिया मोठी, जोखमीची आणि थोड्यांच्याच आवाक्यातली. सरोगसीच्या २०२१ च्या कायद्यात, अटी पाळून, अशा जोडप्यांना वाट आहे. दत्तक तर आहेच. मूल नको म्हणण्याचाही हक्क आहे.

पण हे सारे पुढचे. आधी तिला सांगा. अटी न सांगता कर्जदाराची सही घ्यायची नाही, हा बँकेतला साधा नियम. आपण मात्र मुलीला स्वतःच्या देहाची माहिती न देता बोहल्यावर उभी करतो आणि सासरी ते उघड झाले की ‘फसवलं’ हा आळ तिच्याच माथी येतो. जे तिलाच ठाऊक नव्हते, ते तिने लपवले कसे?